स्टेजवर हशा, रेकॉर्डिंगवर शुकशुकाट: विनोदी रॉक गाण्याचं बिनसतं कुठे?

चौथ्या_सीटवरचा :

मंडळी, सल्ला हवाय. ज्यांनी कधी बँडमध्ये वाजवलंय, किंवा घरातल्या कुणाचा बँड सहन केलाय, अशांनी जरूर लिहा.

आम्ही चौघं. दोन गिटार, बेस, ड्रम्स. सगळे नोकरदार. रविवारी सकाळी भांडुपला एका गाळ्यात सराव करतो. शेजारच्या गाळ्यात पत्रे कापतात, त्यामुळे आवाजाची तक्रार झालीच तर ती आम्हीच करू. बँडचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात नको.

गाण्याचं नाव 'चौथी सीट'. पुण्या-नाशिकच्या वाचकांसाठी खुलासा: लोकलमधला बाक तिघांचा असतो, पण त्यावर चौथ्याने टेकायचं हा इथला अलिखित कायदा आहे. चौथ्याला जे मिळतं त्याला सीट म्हणणं हा उदारपणा झाला. एक मांडी बाकावर, दुसरी पॅसेजमध्ये अधांतरी, आणि उतरणारा प्रत्येक जण आपली बॅग त्याच्या कानावरून नेतो. डोंबिवली ते दादर असा प्रवास मी बरीच वर्षं केलाय, त्यामुळे शब्द शोधावे लागले नाहीत. पहिलं कडवं असं:

डोंबिवलीला चढलो, दिव्याला दबलो,
ठाण्याला टेकलो, मुलुंडला टिकलो,
घाटकोपर येता येता
एका मांडीपुरता मालक झालो!

मग ध्रुवपद. चौघंही माईकवर ओरडतो, "सरका! सरका! थोडं अजून सरका!" मधलं कडवं गुडघ्याबद्दल आहे, त्यात एका बामचं नाव येतं. आणि शेवट:

दादर आलं, तिघंही उठले,
आख्खा बाक माझा एकट्याचा…
…मलाही दादरच.

स्टेजवर "एकट्याचा" म्हटल्यावर आम्ही एकदम थांबतो. पब्लिक ओरडतं, शिट्ट्या मारतं. मग मी माईकला चिकटून अगदी हळू "मलाही दादरच" म्हणतो, हशा पिकतो आणि त्या हशावरच ड्रमर पुन्हा रिफ, म्हणजे गाण्याची फिरून फिरून येणारी धून, सुरू करतो. खारच्या एका छोट्या क्लबात वाजवलं, ठाण्याच्या एका कॉलेजात वाजवलं, एका सोसायटीच्या गणपतीत (हो, तिथेही) वाजवलं. सगळीकडे चाललं. गणपतीत तर पहिल्या रांगेतल्या आजोबांनी वन्स मोअर दिला.

म्हणून सिंगल काढायचं ठरलं. तासाच्या भाड्यावर स्टुडिओ घेतला. १५२ बीपीएमच्या (मिनिटाला १५२ ठोके) क्लिकवर, म्हणजे कानात टिकटिकणाऱ्या ठोक्यावर, आधी ड्रम्स, मग बेस, मग गिटारचे थरावर थर आणि सगळ्यात शेवटी मी, काचेच्या खोलीत एकटा, कानाला हेडफोन. सगळं एकत्र जुळवलेलं मिक्स ऐकून आम्ही जाम खूश. कुठल्या तरी परदेशी बँडचा आवाज वाटावा असा.

आणि कुणी हसत नाहीये. ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं तर "मस्त म्युझिक" आणि अंगठे. क्लबात जे पोट धरून हसले होते तेच म्हणाले, "क्वालिटी भारी आलीय." वहिनीला ऐकवलं. तिने पहिलं कडवं संपल्यावर शांतपणे विचारलं, "हिंदी आहे का रे?"

बँडमध्ये आता तीन पक्ष आहेत. ड्रमर म्हणतो, मागे हशाचा आवाज टाकू. दुसरा गिटारवाला म्हणतो, मी नाकात, नाटकी हेल काढून गावं, म्हणजे गाणं विनोदी आहे हे कळेल. बेसवाल्याच्या मते व्हिडिओ काढला की प्रश्न सुटेल. त्याचं हे मत जगातल्या सगळ्याच प्रश्नांबद्दल आहे. मला यातलं काहीच पटत नाही, पण माझ्याकडे उत्तरही नाही. गाणं तेच, शब्द तेच, ऐकणारी माणसंही बरीचशी तीच. मग हसू गेलं कुठे?

जाता जाता आणखी दोन गोष्टी. सुरुवातीला गाडीतली "पुढील स्टेशन दादर" ही घोषणा मोबाईलवर टिपून लावली आहे, चालेल ना? आणि जोडीला दुसरं गाणं म्हणून केशवकुमारांच्या, म्हणजे आचार्य अत्र्यांच्या, 'झेंडूची फुले'मधली एखादी विडंबन कविता रॉकमध्ये बसवायचा विचार आहे. पुस्तक शंभर वर्षांचं झालं, म्हणजे आता मोकळंच असणार, असं ड्रमरचं म्हणणं.

बटाटावडा_ब्लूज :

आधी ऐकवा. न ऐकता सल्ला द्यायला आम्ही काय तुमचे नातेवाईक आहोत?

चौथ्या_सीटवरचा :

ज्यांना हवंय त्यांनी निरोप टाका. स्टुडिओतलं आणि क्लबात मित्राने मोबाईलवर घेतलेलं, दोन्ही पाठवतो.

खर्जातला_काका :

दोन्ही ऐकलं. तरुणपणी बेस वाजवला, नंतर पोटापाण्यासाठी लाइव्ह साउंडच्या धंद्यात पडलो, तेव्हा चार शब्द सांगतो.

आधी कडू औषध. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक व्हायचं, आम्ही पोरं तिथे पडीक असायचो. झाडून सगळे बँड इंग्रजीत गायचे, गिरगावातली मराठी पोरंसुद्धा. (पुढे शांतता क्षेत्राचा नियम आला. रंगभवनाच्या आजूबाजूला इस्पितळ, कॉलेज, त्यामुळे तिथला दणदणाट बंद पडला. त्यावर मी वेगळं रडेन कधी तरी.) तर त्या दिवसांत आमच्या बँडने एका कॉलेजात इंग्रजी गाण्याच्या मधोमध एक मराठी ओळ घुसवली. साधी ओळ, पावसाबद्दलची. लोक खो खो हसले. तिच्यात विनोद औषधालाही नव्हता. डिस्टॉर्शनवर, म्हणजे गिटारच्या फाटक्या, खरखरीत आवाजावर, मराठी ऐकू आलं, एवढ्याचीच त्यांना गंमत वाटली. हे हसू मुंबईत अजून मिळतं. फुकट मिळतं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना मिळत नाही.

तेव्हा क्लबातलं रेकॉर्डिंग लाव आणि हशा कुठे कुठे येतो ते कागदावर लिही. पहिल्या "सरका"ला आला तो फुकटातला. "मांडीपुरता मालक"ला आणि शेवटच्या "दादरच"ला आला तो तुझ्या लिहिण्याचा. मी ऐकलं त्यात दोन्ही आहेत आणि दुसरा जास्त मोठा आहे. म्हणजे गाण्यात माल आहे, आता पुढचं बोलू.

शब्द मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ओळखू येतात. डिस्टॉर्शनची गिटार नेमकी तिथेच पाय पसरून बसते. तुम्ही कडव्यातसुद्धा डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन गिटार लावल्यात. 'टेकलो' आणि 'टिकलो' यांत फरक तो केवढासा; तुमच्या मिक्समध्ये दोन्ही ठिकाणी नुसतं "ए-ओ" ऐकू येतं. तुझी वहिनी बरोबर आहे. एरवी रॉकमध्ये शब्द बुडाले तरी कुणाचं काही अडत नाही, पण इथे शब्द बुडाला की विनोदच बुडाला. क्लबात एक गिटार धड ऐकूच येत नव्हती, तुमचं नशीब. शिवाय लोक तुझं तोंड बघत होते. ओठ दिसले की अर्धं वाक्य कळतं. स्पीकरला ओठ नसतात.

कडव्यात एकच गिटार ठेव, तीही पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून), आणि एका बाजूला. मधली जागा तुझ्या आवाजाला मोकळी. चारही गिटार "सरका"ला सोड, तिथे हवा तेवढा धुरळा उडव. आवाजावरचा रिव्हर्ब (घुमारा) काढ. गच्च भरलेल्या डब्यात कुणाचा आवाज घुमत नाही रे. मग ते मोबाईलच्या स्पीकरवर ऐक, कारण लोक तिथेच ऐकणार. मोबाईलवर बेस जवळपास उरतच नाही (हे लिहिताना मला किती यातना होतात ते बेसवाल्यांनाच कळेल), म्हणून रिफ वरच्या सप्तकात गिटारलाही दे.

मास्टरिंगवाल्याला, म्हणजे मिक्सवर शेवटचा हात फिरवणाऱ्याला, सांग, दाबून मोठं करू नको. स्पॉटिफाय तसंही गाणं उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या जोराचं माप) आसपास आणून ठेवतं, यूट्यूबही मोठं गाणं खाली खेचतं, म्हणजे दाबून हाती काही लागत नाही. उलट तोटा असा की तू हळू म्हटलेलं "मलाही दादरच" ओरडण्याइतकंच मोठं होऊन बसलंय. तो माणूस ते स्वतःशी म्हणतोय. त्याला कुणी ऐकायला नकोय.

आता थांबण्याबद्दल. १५२ला एक ठोका साधारण ०.४ सेकंदाचा. स्टुडिओत तुम्ही दोन ठोके सोडलेत, म्हणजे पाऊण सेकंद. तेवढ्यात ऐकणाऱ्याला रिकामा बाक दिसतसुद्धा नाही, बसणं दूरच. क्लबात तुम्ही कितीतरी जास्त थांबलात, कारण लोक ओरडत होते आणि तुम्हाला थांबणं भाग होतं. शेवट क्लिक बंद करून वाजवा. चौघं एका खोलीत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. निदान दीड-दोन बार (चार-चार ठोक्यांचे गट) जाऊ देत.

नाकात गायचं नाही. गाण्यातला माणूस गंमत करत नाहीये, त्याचा गुडघा दुखतोय. तू हसवायला लागलास की लोक तुला हसतील, गाण्याला नाही.

आणि डब्यातला, म्हणजे टेपवरचा तयार, हशा नको. हवाच असेल तर खरी माणसं बोलवा. चक बेरीचं 'माय डिंग-अ-लिंग' हे चावट गाणं १९७२ साली इंग्लंडात कोव्हेंट्रीच्या कार्यक्रमात प्रेक्षकांसकट रेकॉर्ड झालं, ध्रुवपद तर तो प्रेक्षकांकडूनच गाऊन घेतो. गाणं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. तिकडे मेरी व्हाइटहाउस नावाच्या संस्कृतिरक्षक बाई बीबीसीने ते वाजवू नये म्हणून मागे लागल्या होत्या, तरीही. आता गंमत बघ. रॉक अँड रोलची अर्धी भाषा ज्याने घडवली, त्याचं अमेरिकेच्या पॉप यादीतलं एकुलतं एक नंबर वन म्हणजे हे. तुमचं गाणं चाललं तर पुढची वीस वर्षं लोक तुम्हाला "ए सरका" म्हणून हाक मारतील. चौघांना चालणार आहे का, ते आधी विचार.

बटाटावडा_ब्लूज :

काका, "स्पीकरला ओठ नसतात" हे टी-शर्टवर छापा, मी दोन घेतो.

मीही ऐकलं. मला हशा वगैरे कळत नाही, पण दुसरं कडवं काढून टाका. गुडघा, बाम, डॉक्टर, एक्स-रे… तोवर माझं स्टेशन गेलं. पहिल्या कडव्यात माणूस सीटसाठी झगडतोय, तिसऱ्यात ती मिळते. मधे दवाखाना कशाला?

लेडीज_स्पेशल :

मी गाणं कुर्ला ते सायनच्या मधे, उभ्याने, इयरफोनवर ऐकलं. फक्त "सरका! सरका!" कळलं. मला वाटलं कसलं तरी आंदोलनाचं गाणं आहे, सरकारला सरका म्हणतायत. घरी येऊन शांतपणे ऐकलं तेव्हा शेवटाला हसले. मोठ्याने हसले. तेव्हा शब्द वर आणा, या मताची मीही.

पण गाणं आख्खं जेन्ट्स डब्यातलं आहे. आमच्याकडे चौथी सीट असतेच, पण खरा खेळ वेगळा. चढल्या चढल्या बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठे उतरणार?" ती म्हणाली "दादर" की तिची सीट आपली झाली. ती अजून बसलेली आहे, तिचा डबा उघडाय, भाजी निवडतेय, पण सीट आपली. आणि मग तिसरी येऊन आपल्याला विचारते. मी तर एकदा एका सीटवर तीन पिढ्यांचं बुकिंग ऐकलंय. बटाटावडा म्हणतात तसा दवाखाना काढलात तर तिथे हे घाला:

"कुठे उतरणार?" "दादर." "मग मी."
"तुमच्यानंतर?" "ही." "हिच्यानंतर?" "मी."

मागे फक्त ड्रम. गिटार नको, काका सांगतायत तसं. आणि हे तुम्ही बायकी आवाज काढून गाऊ नका, प्लीज. ते बघून-ऐकून आम्ही कंटाळलोय.

डफ_ढोलकी :

रॉकमधलं मला फार कळत नाही. लालबागला राहतो, लोकनाट्यात ढोलकी वाजवली आहे. हसवण्याबद्दल थोडं सांगतो.

बतावणीत (तमाशातल्या विनोदी संवादांत) सोंगाड्या वाक्य टाकतो. नवखा ढोलकीवाला लगेच थाप मारतो आणि वाक्य मारून टाकतो. जाणता असेल तो हसू वर चढू देतो, उतरायला लागलं की मग थाप. उशीर केला तर सोंगाड्या उघडा पडतो. तुमच्या ड्रमरला हे येतं, क्लबातल्यात बरोबर पडलंय. स्टुडिओत त्याच्यासमोर हसणारं कुणी नव्हतं, तर त्याने कशावर पडायचं? काका म्हणतात तसं माणसं बोलवा. दहा-पंधरा बास झाली. त्यांचा आवाज रेकॉर्डमध्ये नाही ठेवला तरी चालेल, पण वाजवणाऱ्यांच्या नजरेसमोर माणूस पाहिजे.

दुसरं. शेवटी थांबण्याआधी एक तिहाई घ्या. "सरका, सरका, सरका" तीनदा, तिसरा समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आदळणार असं सगळ्यांना वाटलं पाहिजे. आणि समेवर काहीच नाही. नुसता रिकामा बाक. मग त्याने बोलायचं.

नाकात गाण्यावरून सांगतो. नाथांचं 'विंचू चावला' भारूड बघा. चारशे वर्षं उलटून गेली, लोक अजून हसतात. सादर करणारा काय करतो? लोळतो, कळवळतो, "अगंगं" करतो. तो एकदाही हसत नाही. त्याला विंचू चावलाय.

कलम_बावन्न :

वकील आहे. सल्ला फुकट आहे, त्याची किंमत तेवढीच धरा.

'झेंडूची फुले' १९२५ चं, ड्रमरचं गणित तिथवर बरोबर. पण कवितेवरचा हक्क पुस्तकाच्या वयावर मोजत नाहीत, कवीच्या मृत्यूपासून मोजतात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम २२: मृत्यूनंतरच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं. आचार्य अत्रे १३ जून १९६९ ला गेले. म्हणजे २०२९ साल संपेपर्यंत हक्क आहेत, १ जानेवारी २०३० ला मोकळं. तोवर हक्कदारांची लेखी परवानगी. कव्हर गाण्यांसाठी कलम ३१सीची जी वाट आहे ती आधी रेकॉर्ड झालेल्या गाण्यांची आहे, तीही पाच वर्षं उलटल्यावर आणि किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरून. छापील कवितेला पहिल्यांदा चाल लावायला ती उपयोगाची नाही.

"पण आम्ही विडंबन करतोय" असं म्हणणाऱ्यांसाठी: आपल्या कायद्यात विडंबनाला वेगळी सवलत नाही. कलम ५२मध्ये टीका आणि समीक्षणासाठी रास्त वापर आहे, त्यातून वाट काढावी लागते. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली विडंबन हा रास्त वापर ठरू शकतो असं म्हटलं, तरी तिथला विडंबनाचा बादशहा वियर्ड अल यँकोविक मूळ कलाकाराला विचारूनच गाणं करतो. १९९२ साली त्याने निर्वाणा बँडचं जे विडंबन केलं, त्याचा विनोदच असा होता की मूळ गाण्यातला एक शब्द कळत नाही. तुमच्या मिक्समध्ये तेच साधलंय, फक्त नकळत.

"पुढील स्टेशन"ची घोषणा ध्वनिमुद्रण आहे. रेल्वेचं असो, ठेकेदाराचं असो, तुमचं नाही. घरातल्या कुणाच्या आवाजात नवी करा, जास्त गोड वाटेल. बामचं नाव काढा. खटला होईल म्हणून नव्हे, पण उद्या कुणी वाजवायला नको म्हणालं तर आत्ताच सोपं आहे. १९७० मध्ये द किंक्स या ब्रिटिश बँडच्या 'लोला' गाण्यात 'कोका-कोला' हा शब्द होता. बीबीसी जाहिरात म्हणून वाजवेना. त्यांचा गायक रे डेव्हिस अमेरिकेतला दौरा अर्धवट टाकून विमानाने लंडनला गेला आणि तेवढा शब्द बदलून 'चेरी कोला' गाऊन आला. तुम्हाला भांडुपलाच जायचंय.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. शब्द कुणाचे, चाल कुणाची, पैसे आले तर कुणाला किती, हे एका कागदावर लिहून चौघांनी सह्या करा. गाणं निघायच्या आधी. शब्द-चालवाल्यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्या. आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाची ओळख) बहुतेक वितरकच देतो, तो जपून ठेवा.

ट्रॅक_पाच_अप :

सगळे मिक्सवर बोलताहेत, मूळ दोष कुणालाच दिसत नाही. ही गाडी कोणती? दिवा, ठाणे, मुलुंड, घाटकोपर, दादर. दिव्याला थांबते म्हणजे स्लो धरली, तर मधे मुंब्रा, कळवा, नाहूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी गेली कुठे? फास्ट धरली तर सकाळच्या सगळ्याच फास्ट काही दिव्याला आणि मुलुंडला थांबत नाहीत. आणि मुळात डोंबिवलीचा माणूस सकाळी दादरला जायला स्लो पकडणार नाही, तो उलटा कल्याणला जाऊन बसून येईल.

ठाण्याला टेकायला मिळालं हेही काल्पनिक आहे. दादरला तिघं एकदम उठतात हे मात्र खरं.

व्हिडिओ काढणार असाल तर रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची परवानगी काढा. दारात लटकून शूट करू नका. रेल्वे कायदा १९८९, कलम १५६, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय माणूस मरतो.

चौथ्या_सीटवरचा :

मंडळी, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल सरावाला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

काका, कागदाचं काम केलं. पहिल्या "सरका"ला हशा आहेच, तुम्ही सांगितलात तोच. पण कॉलेजातल्या रेकॉर्डिंगमध्ये तो मोठा आणि गणपतीतल्यात जवळपास नाही. सोसायटीतल्या लोकांना मराठीचं अप्रूप असायचं कारण नव्हतं, ते थेट "मांडीपुरता मालक"ला हसले. आजोबांनी वन्स मोअर दिला तोही शेवटालाच. त्यामुळे आता गाणं त्या आजोबांसाठी करायचं, असं आमचं ठरलंय. क्लबातली पोरं नाहीतरी कशालाही हसतात.

कडव्यातून दुसरी गिटार काढली. गिटारवाला तासभर बोलला नाही. मग त्यालाच "सरका"च्या वेळी मोकळं सोडलं, तर म्हणाला, "आता माझ्या येण्याला काही अर्थ आहे." शेवट क्लिकशिवाय, एकत्र. भांडुपच्या गाळ्यातच रेकॉर्ड करायचं म्हणतोय, पत्रेवाल्यांची सुट्टी बघून. त्यांनाच समोर बसवावं असा ड्रमरचा प्रस्ताव आहे. हसले तर हसले, नाहीतर त्यांनी वर्षभर आमचं ऐकलंय त्याची परतफेड. हशाच्या टेपवरचा त्याचा हट्ट सुटला, ढोलकीवाल्या दादांनी त्याची तारीफ केल्यावर. तिहाई अजून बसत नाहीये. बेसवाला तिसऱ्या "सरका"नंतर दर वेळी समेवर एक स्वर टाकतोच, हाताला सवयच तशी. बघू.

एका बाबतीत मात्र मी ऐकणार नाही. दवाखान्याचं कडवं पूर्ण काढणार नाही. बामचं नाव काढतो, एक्स-रे काढतो, पण गुडघा राहणार. तो दुखला नाही तर शेवटी बाक रिकामा झाल्याचं दुःख कुणाला होईल?

वकीलसाहेब, कागदावर सह्या झाल्या. अत्र्यांचं २०३० मध्ये बघू, तोवर बँड टिकला तर. घोषणा वहिनी करणार आहे. तिला "हिंदी आहे का" याचंच उत्तर मराठीत द्यायला लावतोय.

लेडीज_स्पेशल, तुमच्या दोन ओळी वाचून चौघंही हसलो, आणि त्या वाचायच्याच होत्या, ऐकायच्या नव्हत्या, तरी. बायकी आवाज काढणार नाही, शब्द दिला. पण मग त्या गाणार कोण? तुम्ही गाता का? नाव आणि वाटा कागदावर येईल, वकीलसाहेबांसमोर सांगतो.

ट्रॅक_पाच_अप, दिव्याला 'दबलो' लिहिलंय, 'थांबलो' नाही.

लेडीज_स्पेशल :

गाते म्हणजे भजनी मंडळात गाते, आमच्याच डब्यात. आम्ही सहा जणी आहोत. एकटी येणार नाही, सगळ्यांना घ्यावं लागेल, आणि टाळ आमचे. रविवारी सकाळी जमत नाही, शनिवार दुपार बघा.

ट्रॅक_पाच_अप :

दिव्याला दबायचं असेल तर गाडी थांबायला पाहिजे, नवीन माणसं चढल्याशिवाय दबणार कसे? "कळव्याला दबलो" म्हणा आणि गाडी स्लो करा. मग माझी हरकत नाही.

बटाटावडा_ब्लूज :

कळव्याला कुणी चढूच शकत नाही, दबणार काय.